डीपी, भोंगा आणि एक पेटी



स्मरणिकेच्या मंडळींनी मला ‘आपल्या वेळचे सटाणे’ असा विषय दिला होता. जत्रा, आरम नदीचे पूर, एस.टी. स्टँडवरची भेळ यांवर इतर जण माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी आवाजाबद्दल लिहिणार आहे. सटाण्याला मोठा आवाज कसा मिळाला, त्यासाठी लागणारी वस्तू कुठून आली आणि त्यातली एक वस्तू मी कशी लंपास केली, हे सगळे त्यात येईल. शेवटची गोष्ट आजवर घरातही सांगितलेली नाही.

जानेवारी १९८३चे स्नेहसंमेलन आठवते का? मैदानावर कनातींचा मंडप होता. मोठे सर बोलायला उभे राहिले आणि भोंग्यातून ‘घूंऽऽ’ असा आवाज सुरू झाला. शिपाईमामांनी बटण कमी केले तर सरांचा आवाजही गेला, वाढवले तर घरघर वाढली. शेवटी सरांनी हातानेच खूण करून मशीन बंद करायला लावले आणि पुढची वीस मिनिटे ते माइकशिवाय बोलले. मागच्या रांगेपर्यंत ऐकू आले. तेव्हापासून ‘मोठ्या सरांना माइक लागत नाही’ ही दंतकथा शाळेत रूढ झाली.

ती घरघर माझ्यामुळे होती. संमेलनाच्या आधी आठवडाभर शाळेचे अॅम्प्लिफायर प्रयोगशाळेत ठेवलेले होते. मी त्याचे झाकण उघडले. माइकची पिन जिथे लागते, त्याच्या मागेच पत्र्याच्या डबीत आवळ्याएवढा एक ट्रान्सफॉर्मर होता. माझ्या आणि शेजारच्या मित्राच्या घरादरम्यान तारेचा टेलिफोन जोडायचे आमचे चालले होते आणि त्याला असलीच वस्तू हवी होती. मी डबी काढली आणि तिथल्या तारा सरळ एकमेकींना जोडून डाग दिला. बटण फिरवले, बोललो, बारीक का होईना आवाज आला. म्हणजे ही डबी उगाच लावली आहे, असा पंधरा वर्षांच्या शास्त्रज्ञाने निष्कर्ष काढला.

पुढे माझी सगळी नोकरी वीज कंपनीत, ट्रान्सफॉर्मरच्या संगतीतच गेली, याला काय म्हणावे!

ती डबी उगाच नव्हती. माइकमधून निघणारी वीज हजारांश व्होल्टमध्ये मोजायची असते. त्या काळचे चांगले माइक साधारण २०० ओहमचे असत आणि अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी ५० हजार ओहमच्या आसपासची अपेक्षा असे. मधला ट्रान्सफॉर्मर ही सोयरीक जुळवतो. त्याच्या दोन वेटोळ्यांतल्या फेऱ्यांचे जे प्रमाण, त्या पटीत व्होल्टेज बदलते आणि त्या पटीच्या वर्गात ओहम बदलतात. २०० चे ५० हजार म्हणजे अडीचशे पट, म्हणून फेरे सोळा पटीच्या जवळपास. मी डबी काढताच माइकची ताकद सोळा पटींनी घटली आणि मामांना बटण पूर्ण फिरवावे लागले. दुसरे नुकसान त्याहून मोठे होते. माइकच्या वायरीत आवाजाच्या दोन तारा आणि वरून जाळी असते. मंडपातल्या लाइटच्या वायरींची घरघर दोन्ही तारांवर सारखीच चढते. ट्रान्सफॉर्मर फक्त दोन तारांमधला फरक ओळखतो, दोघींवर सारखे असलेले त्याला दिसतच नाही. मी एक तार जाळीला बांधून टाकल्यावर घरघरीला दार सताड उघडे झाले.

ही वस्तू आली कुठून? २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी लोखंडाच्या एका कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. मध्ये सुती कापड आणि सुतळी. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसऱ्याशी ठेवलेली चुंबकसुई हलली. दोन तारा एकमेकींना शिवत नसताना निरोप पलीकडे गेला. आपण नववीत हे पाठ केले होते. पण त्याची मजा दोन धंद्यांनी वेगवेगळी लुटली, हे पुस्तकात नव्हते. एक धंदा विजेचा. १८८५ साली बुडापेस्टमध्ये झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी बंद लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर बनवला आणि त्यातून आजची वीजव्यवस्था उभी राहिली. दुसरा धंदा टेलिफोनचा. तिथे त्याआधीपासूनच बोलणे लांबच्या तारेवर चढवण्यासाठी दोन वेटोळ्यांची कॉइल वापरात होती. १९२०च्या दशकात रेडिओ आला तेव्हा हे दोन धंदे पुन्हा भेटले. मँचेस्टरकडची फेरांटी कंपनी, जिचे नाव मोठ्या वीज ट्रान्सफॉर्मरसाठी होते, ती घरी रेडिओ बनवणाऱ्या शौकिनांसाठी मुठीएवढे आवाजाचे ट्रान्सफॉर्मरही विकू लागली.

आपल्याकडे मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झाले. पण सभेतल्या आवाजाचा इतिहास निराळा आहे आणि त्याचा एक धागा आपल्या नाशिक जिल्ह्याशी जुळतो. जुन्या फोटोंत गांधीजी किंवा नेहरू बोलत असतात तेव्हा समोरच्या माइकवर बरेचदा ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसते. ही कंपनी अमेरिकेची नव्हे, मोटवाने कुटुंबाची. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमधल्या सक्करला धंदा सुरू केला, तो पुढे कराचीला आणि मग मुंबईला आला. १९३०च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना त्यांचे लाउडस्पीकर असत. त्याआधी लाखाच्या सभेत पुढाऱ्याचे शब्द पुढच्या काही रांगांपर्यंतच पोचत, मागच्यांना फक्त दर्शन. हजारो माणसांना एकच वाक्य एकाच क्षणी ऐकू येणे ही गोष्ट आपल्या आजोबांच्या पिढीने आयुष्यात प्रथम अनुभवली. स्वातंत्र्याच्या इतिहासात तिला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत, याचे मला नवल वाटते.

याच घराण्यातले नानिक मोटवाने उषा मेहतांच्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात आरोपी होते. तो रेडिओ २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर सुरू झाला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घालेपर्यंत मुंबईत जागा बदलत बदलत चालला. साहित्य आणि तंत्रज्ञ यांची मदत केल्याचा मोटवान्यांवर आरोप होता. ते सुटले, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. आणि आपल्याला जवळचे म्हणजे मोटवान्यांचा कारखाना नाशिकरोडला आहे. वीज खात्यात, आयटीआयमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, काळ्या खोक्यातला काट्याचा ‘मोटवाने मीटर’ त्याने हाताळलेला असणार. माझा अजून चालू आहे. पुढे त्याचे काम येईल.

सटाण्यात आपल्या लहानपणी आवाज म्हणजे जत्रा. देव मामलेदारांच्या जत्रेत नदीकाठी पाळण्यांचा भोंगा वेगळा, तमाशाचा वेगळा, बांगड्यांच्या रांगेत हरवलेल्या पोरांची नावे पुकारणारा वेगळा. १८७०-७१च्या दुष्काळात सरकारी खजिना रयतेसाठी उघडणाऱ्या मामलेदाराच्या नावाची जत्रा ती, तेव्हा आवाजातही काटकसर कशी चालेल! आपण भोंग्यांखाली उभे राहायचो, पण भोंग्याच्या मागच्या डबड्याकडे कुणी बघितले होते का? त्यातही एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो.

त्याचे कारण असे. समजा ५० वॅटचा आवाज आठ ओहमच्या भोंग्याला द्यायचा आहे. सरळ दिला तर २० व्होल्ट आणि अडीच अँपिअर. एवढा करंट नदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक वायरीतून नेला तर निम्मा जीव वायरीतच जातो. म्हणून अॅम्प्लिफायरमधूनच १०० व्होल्टची लाइन काढतात. आता करंट अर्धाच अँपिअर, म्हणजे वायरीतले नुकसान पंचविसाव्या हिश्शावर. प्रत्येक भोंग्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून व्होल्टेज पुन्हा उतरवायचे. मळ्यातल्या डीपीचे कामही नेमके हेच. ११ हजार व्होल्टने लांबून आलेली वीज विहिरीपाशी ४३३ व्होल्टवर उतरवायची. सरकारी मराठीत तिला रोहित्र म्हणतात, पण ‘रोहित्र जळाले’ म्हणून रात्री माझ्या दाराशी आलेला शेतकरी मी चौतीस वर्षांत पाहिला नाही. येणारा ‘साहेब, डीपी गेली’ असेच म्हणायचा.

आमच्यासारख्या पोरांच्या हाती हे यायचे ते मोडलेल्या ट्रान्झिस्टरमधून. आत भारत इलेक्ट्रॉनिक्सचे एसी १२७, एसी १२८ आणि त्यांच्या शेजारी दोन बोराएवढे ट्रान्सफॉर्मर, एक ड्रायव्हर आणि एक आउटपुट. नवीन भाग हवा असेल तर मुंबईला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती लॅमिंग्टन रोडवरून मागवायचा. तो माणूस हमखास दुसराच नंबर आणायचा. मग आयसी आले, ट्रान्सफॉर्मर महाग आणि जड म्हणून रेडिओतून गेले. आपण दहावीत गेलो त्याच वर्षी, १९८२च्या ऑक्टोबरात, जपानमध्ये सीडी प्लेअर विक्रीला आला. त्याच्या मागच्या पिनेतून २ व्होल्टपर्यंत आवाज मिळतो. माइकचा हजारांश व्होल्ट कुठे आणि हे कुठे. एवढा दणकट आवाज मिळाल्यावर अॅम्प्लिफायरच्या आधी तो आणखी वाढवायची गरजच राहिली नाही, गरज उरली फक्त कमी करण्याची. त्यामुळे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इंग्लंड-जपानकडच्या शौकिनांनी जुना ट्रान्सफॉर्मर पुन्हा बाहेर काढला. वीज न लागणारी एक पेटी करायची, तिच्यात दोन ट्रान्सफॉर्मर, डावा आणि उजवा, आणि आवाजाचे बटण म्हणजे वेटोळ्याला ठिकठिकाणी काढलेल्या शेंड्या. पॅसिव्ह प्री-अॅम्प म्हणतात त्याला.

आता या वर्षाकडे येतो. मेळाव्याच्या तयारीत आपल्या एका बाईंच्या कपाटात त्या संमेलनाची कॅसेट सापडली. पुण्याच्या मित्राने ती कॉम्प्युटरवर उतरवून पाठवली. शाळेच्या नव्या हॉलमध्ये आम्ही लॅपटॉप अॅम्प्लिफायरला जोडला, आणि काय सांगू, तीच ‘घूंऽऽ’. कॅसेटमध्ये चाळीसएक सेकंद घरघर मुळातच आहे, माझी. पण ही तिच्याआधीपासून चालू होती. लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटवर, अॅम्प्लिफायर दुसऱ्या, दोन्हींचे अर्थिंग आवाजाच्या वायरीच्या जाळीतून एकमेकांना मिळालेले. त्या फेऱ्यात वीज फिरते आणि भोंग्यात बोलते. चार्जर काढला की थांबायची. ‘मग बॅटरीवर लाव ना भाऊ,’ आपला खजिनदार म्हणाला. बरोबर होते त्याचे. हे तोडणारी तयार डबीही बाजारात मिळते. पण मी ठरवले की शाळेची काढलेली वस्तू शाळेला करूनच द्यायची.

हिशेब घरी मांडला. पाऊण इंच मधल्या पायाचे ई-आय स्टॅम्पिंग, तेवढाच थर. आत येणाऱ्या बाजूला २००० फेरे. बाहेर जाणाऱ्या बाजूलाही २०००, पण १४१६, १००२, ७१०, ५०२, ३५६, २५२, १७८, १२६, ८९ आणि ६३ फेऱ्यांवर टॅप. दर पायरीला आवाज ३ डेसिबलने उतरतो. अकरा पायऱ्या आणि एक बंद, म्हणजे बारा घरांचा रोटरी स्विच. साध्या व्हॉल्यूम कंट्रोलने हे काम होत नाही का? होते, पण तो जास्तीचा आवाज कार्बनच्या पट्टीत जाळून टाकतो. दहा हजार ओहमचा कंट्रोल निम्म्यावर ठेवला तर पुढच्या वायरीला मागे अडीच हजार ओहम दिसतात आणि वायर लांब असेल तर बारीक स्वर, ‘स’ आणि ‘श’, मऊ पडतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज निम्मे करताना मागचे ओहम चौथाईवर आणतो. तारेचा स्वतःचा विरोध धरूनही माझ्या पेटीत ते दोनशेच्या आसपास आले. शाळेच्या हॉलमध्ये स्टेजपासून अॅम्प्लिफायरपर्यंत साठ फूट वायर आहे, तिथे हा फरक कानाला कळतो.

गुंडाळायचे कुठे? सटाण्यात मोटर वायंडिंगची दुकाने आहेत, कारण बागलाणात विहिरी आहेत. डाळिंब-द्राक्षांच्या हंगामात जळालेली मोटर रात्रीतून भरून देणारी माणसे ही. मी ज्यांच्याकडे गेलो त्या नानांचे वय पंचाहत्तर. त्यांच्या हाताखालून जाते ती जाड तार, मी आणली होती ३८ गेज, केसासारखी. नानांनी ती चिमटीत धरली, उजेडात बघितली आणि म्हणाले, ‘घाई करू नको भो, तुटी जाई.’ तेराशेच्या पुढे कुठेतरी तुटली. दुसऱ्यांदा नानांनी मशीनचा पट्टा काढून हातानेच हँडल फिरवले. मी तार बोटांतून सोडत होतो आणि काउंटर मोठ्याने वाचत होतो. प्रत्येक थरावर कागद, दोन वेटोळ्यांमध्ये तांब्याच्या पत्र्याचा एक पदर. त्याची टोके एकमेकांना मिळू द्यायची नाहीत. मिळाली तर ती बांगडी होते आणि तिच्यातच वीज फिरत बसते. दोन ट्रान्सफॉर्मरना चार संध्याकाळी गेल्या. मग वार्निशमध्ये बुडवून उन्हात.

पेटीसाठी लोखंडी डबा घेतला, म्हणजे बाहेरची घरघर आत शिरायला नको. परदेशात यासाठी निकेलच्या मिश्रधातूचा गाभा आणि डबे वापरतात. १९२०च्या दशकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलसाठी शोधलेली मू-मेटल ही धातू. हळू आवाजात साध्या सिलिकॉन पोलादापेक्षा ती सरस आहे, हे खरे. मला ती परवडणारी नव्हती. त्यामुळे मुळात अगदी हळू वाजणाऱ्या भागात ढोलकीचा ठोका किंचित हलका लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. आत येणाऱ्या पिना प्लास्टिकच्या वायसरवर बसवल्या, डब्याला शिवू दिल्या नाहीत. शिवल्या असत्या तर सगळा उद्योग फुकट गेला असता.

लॅपटॉपवरून १०० सायकलचा सूर सोडून मोटवाने मीटरने पायरी-पायरी मोजली. डावे-उजवे आकडे जुळले. हॉलमध्ये लावले तर घरघर नाही. चार्जर लावला, तरी नाही. मी खूश. पण सरांचे भाषण सुरू झाले आणि आवाज पोकळ! स्पीकरजवळ गेलो की ठीक, हॉलच्या मधोमध उभे राहिलो की शब्द पातळ, जणू कुणी भांड्यात बोलतोय. रात्री अकरापर्यंत स्विच तपासला, डाग पुन्हा दिले. सकाळी नानांना फोन केला. ते आलेही नाहीत, फोनवरच म्हणाले, ‘एका कॉइलची सुरुवात-शेवट उलटी जोडली तुम्ही.’ मोटरीत तसे झाले की ती गुरगुरते आणि तापते, हे त्यांना पन्नास वर्षांचे पाठ. आवाजात तसे झाले की एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि मधोमध दोघे एकमेकांना खातात. दोन तारांची अदलाबदल केली. सर हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले.

तोपर्यंत ती कॅसेट मी लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरवरच ऐकली होती. आता पहिल्यांदा सगळे नीट ऐकले. चाळीस सेकंद माझी घरघर, मग खट्‌कन बटण बंद, मग शांतता. त्या शांततेत, भाषण पुन्हा सुरू व्हायच्या आधी, मोठे सर हळू आवाजात मामांना म्हणतात, ‘आत ठेवा मशीन. उघडू नका. तो आपणहून आणून देईल.’

तीनदा मागे घेऊन ऐकले. ‘तो’ म्हणजे कोण, हे सरांना नक्की ठाऊक होते की नाही, ते विचारायला आता सर नाहीत. मार्चमध्ये परीक्षा झाली, मी शाळा सोडली आणि डबी पुढे दोनतीन वर्षे आमच्या माळ्यावर होती. नंतर घर पाडले त्यात गेली.

पेटी प्रयोगशाळेच्या डावीकडच्या कपाटात ठेवली आहे. मेळाव्याला जे मशीन सांभाळतील त्यांच्यासाठी : पेटी अॅम्प्लिफायरवर ठेवू नका, दोन फूट लांब ठेवा, नाहीतर त्याच्या आतल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरची घरघर हिच्यात उतरते. तिला वीज लागत नाही, उगाच प्लग शोधू नका. बटण सातव्या घरावर असू द्या. आणि सरांच्या भाषणाआधीची चाळीस सेकंदे कापू नका, तशीच लावा.